आग्नेयेला

भिशीचे पैसे न विचारता त्या कार्डावर घातले,
म्हणून नऊ दिवस अबोला.

दहाव्या दिवशी बर्ग्यांच्या वैजूनं
कॉम्प्युटरचं पोट उघडून कार्ड बसवलं, सीडी घातली,
चहा न घेताच क्लासला पळाला.
दारातून मला म्हणाला,
तोंड आग्नेयेला हं, काकू. आणि चांगलं वर.

आता हे गच्चीवर, छत्रीला पाना लावून.
मी खाली, पडद्यावरच्या हिरव्या पट्टीपुढं.
मधे जिना
आणि वेटोळं सुटलेली काळी वायर.

इतकी वर्षं आमचा अँटेना
अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याकडं बघत होता.
सवयीनं यांनी छत्रीही तिकडंच वळवली.
पट्टी हलेना.
किल्ला आडवा येतोय, हे पुटपुटले,
खाली ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

मला ठाऊक होतं.
पण आधी बोलायचं कुणी?

पाना पत्र्यावर पडला तेव्हा ओरडले, "बारा!"
"किती?"
"बारा टक्के! डावीकडं घ्या. मान वर करा तिची."
"आता?"
"एकवीस. चाळीस… गेलं.
मागं या. एवढं नाही हो, केसभर."
"आता?"
"अठ्ठावन्न. हात काढा बघू."
"काढला."
"पडलं. धरूनच ठेवा."

बोल्ट आवळून खाली आले, हाताला ग्रीस.
पडद्यावर कुणी बाई, बहुतेक उडिया,
वांगी चिरत सलग बोलत होती.
"काय म्हणतेय?"
"मीठ विचारून घाला म्हणतेय."

हसले. मीही.
भिशीचं बोलायचं राहिलंच आहे अजून.