साडेसहा

पहाटे सहाला तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते.
आदगोंडा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवतो,
मी वही उघडते.
मार्केट यार्डाचं फाटक अजून अर्धंच उघडलंय,
हळदीचे ट्रक पार रस्त्यापर्यंत लागलेत,
फेब्रुवारीत आमच्या चहावरसुद्धा
साय धरायच्या आधी पिवळी धूळ धरते.

त्या संघांची नावं आमच्या जिभेला वळत नाहीत,
म्हणून एकाला मी राजापुरी म्हणते, दुसऱ्याला सेलम.
राजापुरी घरच्या कोर्टावर : एकतीसपैकी चोवीस.
सेलम काल रात्री दुसऱ्या गावात खेळली,
दोनला विमानात बसली.
मागच्या दहा सामन्यांत तिचे रीबाउंड
चव्वेचाळीसवरून एकोणचाळीसवर आलेत,
म्हणजे उड्या तेवढ्याच, पण वेळेवर नाहीत.

सरासरीवर माझा तसा विश्वास नाही.
चाळीस पोती चोख निघतात
आणि एकेचाळिसाव्याच्या तळाला ओल असते.
म्हणून मी आधी बघते
कोण किती वेळा चेंडू घेऊन चढतं.
पळणाऱ्याचे शंभर आणि रेंगाळणाऱ्याचे शंभर
एका काट्यावर घालायचे नसतात.
हे मला कुणी शिकवलं नाही.
सोळा वर्षं आडतीत बसून
ओलाव्याची घट कापलीय.

त्याआधी विश्रामबागेत, सिमेंटच्या कोर्टावर,
जिल्ह्याच्या संघात मी सात नंबर.
आमचे आकडे कुणी ठेवले नाहीत.
किती गुण केले ते मला माहीत नाही,
गुडघा माहीत आहे.

"बोल की ताई, कितीनं?"
"नऊनं. राजापुरी."
आदगोंडा अंगठ्यानं पैसे लावतो,
गाडीचा हप्ता आणि वर थोडे.
आकडा लागलाय साडेसहा.
सातनं जिंकली तर हप्ता सुटला,
सहानं जिंकली तर जिंकूनही गेला.
मधला तो अर्धा गुण
आजवर कुठल्याच कोर्टावर कुणी केलेला नाही.
तो आदगोंडासारख्यांसाठीच बनवलाय.

पहिल्या सत्रात राजापुरी बाराने पुढं.
आदगोंडानं दोन प्लेट भडंग सांगितलं,
हमालांनाही चहा सांगितला.
मी म्हटलं, अरे, अर्ध्या हळकुंडानं...
तो हसला, म्हणाला,
यार्डात बसून ही म्हण सांगू नको.

मग बारा, नऊ, तेरा, चार, आठ.
शेवटचे अठरा सेकंद, सहाने पुढं,
चेंडू राजापुरीच्या एका पोरसवद्या गड्याकडे.
सेलमनं हात खाली सोडलेले.
समोर बास्केट उघडी,
आईनं वाढून ठेवलेल्या ताटासारखी.
"टाक! अरे टाक की!"
काट्यावरचा माणूस पोतं धरून वळून बघतोय.
तो गडी मधोमध उभा,
एका हातानं चेंडू सावकाश आपटतोय,
दुसरा हात सेलमच्या खेळाडूपुढं केलाय.
भोंगा वाजला.
सहा.

आदगोंडानं मोबाईल उलटा ठेवला.
रुमालानं तोंड पुसलं, रुमाल पिवळा झाला,
मग बराच वेळ साखरेचा डबा पुसत राहिला.
"नऊ म्हणाली होतीस."
म्हणाले होते.

वहीत लिहिलं : अंदाज नऊ, झाले सहा, चूक तीन.
त्या मुलानं न टाकलेल्या चेंडूसाठी
माझ्याकडे रकाना नाही.

दहाला सौदे निघाले.
व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून आतला रंग पाहिला,
मी पट्टी लिहायला बसले,
आणि मिरजेविरुद्धचा तो सामना आठवला.
अकराने पुढं होतो, दोनेक सेकंद उरलेले,
त्यांच्या मुली आधीच हात मिळवायला निघालेल्या.
मी टाकला.
गेला, काठाला न लागता.

एका मुलीचा हात तसाच पुढं राहिला होता.
तिचा नंबर आठवत नाही.