वरणवाटी

श्रावण सरत आला की शनिवारी
रावेरहून पालची एसटी धरतो.
पिशवीत भिंग, चाकू, काळा कागद,
फडक्यात कळण्याची भाकरी, ठेचा.

बँकेतले विचारतात, "खायची असतात का?"
नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो.

सागाच्या कुजक्या ओंडक्यावर
कानाच्या पाळ्यांची एक रांग,
ओली, जणू काही ऐकतेय.
मी पालथा पडून बघतो.
गुमान बारेला बिडी विझवून थांबतो.
"हिचं नाव काय?"
"जी खातो तिला नाव. हिला कशाला?"

घरी एक पाळी कागदावर ठेवून
वर वाटी पालथी घालतो.
वरणाची वाटी, म्हणून हेमलता कुरकुरते,
आणि रात्री दोनदा उठून
तीच वाटी उचलून बघते.

सकाळी काळ्यावर पांढरी धूळ,
पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा.
मोठ्यानं श्वास घ्यायची चोरी.

वहीत लिहिलं: तारीख, साग, उत्तरेचा उतार.
नावाची ओळ
गुमानचा मान राखून कोरी सोडली.

आज पान उघडलं तर तिथं
पेन्सिलीनं, किराण्याच्या यादीतल्या अक्षरात:
वरणवाटी.