जुबैल बेटावर, शुक्रवारी

फाटकावरचा ओकेलो हसून बजावतो,
लाकडी वाट सोडायची नाही, चाचा.
भाऊंना कळतं ते फक्त चाचा.

ते वाकून चिखलाकडे बघतात.
वर आलेली श्वासमुळं, बोटाएवढी, हजारो,
त्यांच्यामधून एक खेकडा
तिरका, कसल्याशा घाईत.
"ही तर तिवरं," ते म्हणतात, जरा हिरमुसून.
तीन तास विमानात बसून
दाभोळच्या खाडीकाठचंच झाड.
"आम्ही चुलीत घालायचो. धूर फार."

मी पाटी वाचून दाखवते : अरबीत याला कुर्म म्हणतात.
"कूर्म म्हणजे कासव," ते ठासून सांगतात
आणि उरलेला वेळ कासवच शोधतात.

पलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्षी
मान उलटी करून,
तांदळातले खडे निवडावेत तसे.
त्यांच्यामागे क्रेन, अर्धे टॉवर.
त्यातल्या एकाचे जिने मी काढलेत, कागदावर.
ते सांगायचं राहिलं.

एक पान तोडायची त्यांना फार इच्छा.
दंड किती, मी विचारून घेते.
मग तोडत नाहीत, नुसती फांदी खाली ओढून
पानाला जीभ लावतात,
सत्तरीचा माणूस, भर वाटेवर.
ओकेलो दुसरीकडे बघतो.

"मीठ बाहेर टाकतंय," भाऊ म्हणतात.
"तुझ्या आईनं झटकून लोणच्यात घातलं असतं."

व्हिसाचे अकरा दिवस उरलेत.
भरती चढते, मुळं एकेक बुडत जातात.
गाडीची चावी माझ्या हातात कधीची.
"थांब," कठडा न सोडता ते म्हणतात,
"आत्ता डोकं वर काढील."