नेढ्यातलं पाणी

अडावदला, बाजाराच्या आदल्या रात्री
शेठ दुकान वाढवायला लागले की
मी मागच्या अंगणात घमेल्यात पाणी भरायचो.
कुऱ्हाडी उलट्या करून
नेढ्यापर्यंत बुडवून ठेवायच्या.
लाकूड फुगतं.
सकाळी गिऱ्हाईक दांडा धरून झटका देतं,
पातं गप्प बसतं,
गिऱ्हाईक पैसे मोजतं.

चार वर्षं केलं. फार वाईट वाटलं असं म्हणणार नाही,
विळे होते, पावशी होत्या, केळीवाल्यांची घाई होती,
वाटायला सवड नव्हती.

रुमलीबाई वरच्या पाड्यावरची.
चारोळी विकून झालेली, पाटी उपडी घातली
आणि तिच्यावरच बसली दुकानासमोर.
म्हणाली, दाखव.
मी पात्याची धार दाखवायला लागलो
तर तिने पात्याकडे पाहिलंच नाही.
दांडा उचलला, एक डोळा मिटला,
लांबून येणारा माणूस आपला की परका
हे ठरवावं तशी बघत राहिली.

रेघ मधेच बाहेर पडते, म्हणाली,
इथे मोडेल. ठेव.
दुसऱ्याच्या पिवळ्या रोगणावर नख ओढलं,
खालून लांबी निघाली, लांबीखाली गाठ.
तिसरा पायरीच्या दगडावर आपटला : बद्द.
चौथा सागाचा.
साग दाराला, म्हणाली, घावाला नाही.
मी म्हणालो, धावडा आहे.
शेठ तसंच सांगायचे म्हणून मीही तसंच सांगायचो.
तिने वास घेतला
आणि मला उत्तर देण्याइतकंही महत्त्व दिलं नाही.

सातवा मात्र खरंच धावडा होता.
सरळ, जड, एका टोकाची रेघ दुसऱ्या टोकाला पोचलेली.
मला वाटलं, झालं.
तिने नेढ्याजवळ गाल टेकवला,
तापलेल्या पोराला बघतात तसा.
थोडी थांबली.
"हाऊ दांडा पानी पियेल शे."

गल्ल्यावर शेठनी वहीचं पान उलटलं,
मग तेच पान परत उलटलं.

लोखंडाला पाणी दिलं तर ते टिकतं, ती म्हणाली,
लाकडाला दिलं तर आठ दिवस टिकतं.
नवव्या दिवशी पातं कुणाच्या अंगावर जातं
ते तुमच्या दुकानातून दिसत नाही.
रागावली नव्हती. भाव सांगावा तसं सांगितलं.

मग पहिल्यांदा पात्याकडे वळली.
खड्याने टिचकी मारली. आवाज लांबपर्यंत गेला,
समोरचा मिरचीवाला वळून बघायला लागला.
हे खरं आहे. ट्रकच्या कमानीचं.
दांडा काढ, एवढंच दे.

मी हातोडीने दांडा ठोकून काढला.
नेढ्यातून दोन थेंब पडले
खाली अंथरलेल्या पेपरवर,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांवर.
शेठ म्हणाले, दांड्यासकटचाच भाव लागेल.
ती वीस रुपये कमी देऊन उठली.

दांडा घरी आहे, जाता जाता मला सांगितलं.
दोन उन्हाळे चुलीवर धुरात टांगलाय.
नवऱ्याने त्याच्या मुठीच्या मापाने तासला
आणि तो गेला उसाला, गुजरातकडे.
जाड आहे मला. तासून घेईन.
काच आहे का फुटकी?

शोकेसची तडकलेली काच होती.
त्याच ओल्या पेपरात गुंडाळून दिली.
तिचे पैसे तिने विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या आदल्या रात्री
शेठ म्हणाले, पाणी.
मी भरलं. खोटं कशाला बोलू.
फक्त एक कुऱ्हाड बाजूला ठेवली, कोरडी.
हलवली की पातं टकटक करतं.
गिऱ्हाईक झटका देतं, हसतं,
शेजारची उचलतं.
ती अजून विकली गेलेली नाही.