जोखीम: काही नाही

रजिस्टरात एक रकाना आहे, जोखमीचा.
त्यात मी लिहिते: साखर. आधीचं बाळ चार किलो दोनशे.
आईचं वजन. तारीख उलटून नऊ दिवस.
सोळा वर्षं लिहितेय, काणकोणच्या या दवाखान्यात,
निळ्या शाईने. शंका असली तर लाल.

लाल शाईची इनासिना फर्नांडिस,
पोटाला टेप पुरेना.
मडगावची चिठ्ठी लिहून होते तोवर
पोर बाहेर. साडेचार किलो.
करमलच्या घाटाची वाटही न पाहता
साबणासारखं सुटलेलं.

निळ्या शाईची सुकांती वेळीप.
खोतीगावची, दुसरी खेप. साखर नाही,
तारीख आजचीच, अंग काठीसारखं.
जोखीम: काही नाही.

तीन वाजून अकरा मिनिटांनी डोकं आलं.
आलं,
आणि मागे गेलं.
गाल फुगलेले, हनुवटी रुतलेली.
पुस्तकात याला कासवाची उपमा आहे.
लिहिणाऱ्याने गालजीबाग पाहिलं नसणार.
आमच्याकडचं कासव वळतं ते समुद्राकडे.
हे कुठे निघालं होतं?

एस्पेरान्साने घड्याळ मोठ्याने वाचलं.
ओढायचं नाही. वरून पोट दाबायचं नाही.
हे हातांना माहीत असतं,
तरी ते ओढायलाच धावतात, हात.
दाराशी उभ्या नणंदेला आत घेतलं:
धर हा गुडघा. छातीला लाव. आणखी. लाजू नको.
एस्पेरान्सा स्टुलावर चढली,
ओटीच्या हाडावर मूठ रोवून रेटू लागली.
बारा.
राव गो बाये, मातशें राव.
तेरा.
मी मागच्या बाजूने हात घातला.
कोपर लागलं. सुपारीएवढं.
ते वाकवलं, छातीवरून फिरवून
चेहऱ्यापुढून बाहेर घेतलं,
कुणी झोपेत तोंड पुसावं तसं.
मग खांदा. मग सगळंच.

तीन वाजून चौदा. तीन किलो शंभर. एवढंच.
रडायला त्याने वेळ घेतला, मी दिला.
दोन्ही हात हलतात का, चारदा पाहिलं.
हलत होते.

सकाळी रकाना उघडला.
लाल पेन उघडलं, परत झाकलं.
व्हरांड्यात नणंद विचारत होती,
वहिनीचं काय चुकलं?
लाकडं उचलली म्हणून? फणस खाल्ला म्हणून?
काही नाही, मी म्हटलं.

तिला पटलं की नाही, कळलं नाही.
चहाचा पेला तिने डाव्या हातात घेतला.
उजवा अजून
कुणाचा तरी गुडघा धरल्यासारखा
वाकलेलाच होता.