कल्हई

आल्सीड ब्रुसार्डने टेबलावर ठेवला
पाइपचा कोपरा, करवतीने कापून आणलेला.
बाहेरून धडधाकट.
आतून कुणी बोटांनी खरवडून खाल्ल्यासारखा,
खोल, गुळगुळीत,
आणि एका जागी नाण्याएवढं भोक.
"इथून," तो म्हणाला.
पुढचं बोलला नाही.
रात्रपाळीचा कर्टिस अजून गॅल्व्हस्टनला आहे,
दोन्ही हात पट्ट्यांत.

गंज नाही, खपली नाही.
कागद सांगतो, तेलाचा आम्लांक मर्यादेच्या आत.
आम्लांक म्हणजे घरात माणसं किती, एवढंच.
हात कुणाचा, ते तो सांगत नाही.

काकवीसारखं तेल मी टोल्यूइनमध्ये सैल करते,
वर मिथेनॉल, अमोनियाचा थेंब.
सुईच्या टोकाला तीन हजार व्होल्ट.
फवारा उडतो, सुकतो,
आणि आम्लं तेवढी,
चपला काढाव्यात तसा एकेक प्रोटॉन
उंबऱ्यावर ठेवून
आत येतात.

चुंबकात सगळी गोल फिरतात.
जड सावकाश, हलकी भरभर.
चुंबक कुणाला कूळ विचारत नाही,
फेरे मोजतं.

तीन कार्बन एकीकडे,
एक गंधक, चार हायड्रोजन दुसरीकडे:
वजनात फरक सहा इलेक्ट्रॉनांएवढा.
त्या फटीत मी आठवडा काढला.
बाहेर पोर्ट आर्थरच्या मशाली जळत होत्या,
खाडीवर पेलिकन, दमट हवा, डबा तसाच.

मग तो दिसला.
तीनशे तेहतीस पूर्णांक दोन आठ.
बावीस कार्बन, तीन कडी, शेपटीला दोन ऑक्सिजन.
मागे त्याचे भाऊबंद, चौदा-चौदाच्या अंतराने,
पंगतीत बसल्यासारखे.

"हाच का?"
"हा तिथे होता," मी म्हणाले.
"थंडीत गरीब असतो. भट्टीपुढच्या त्या वळणावर
लोखंडाला धरतो, लोखंड तेलात विरघळतं,
म्हणून खूण उरत नाही."

त्याला नीट कळेना. मग मी सांगितलं,
आमच्याकडे पितळेच्या पातेल्यात ताक विसरलं
तर ते कळकतं. इंग्रजीत शब्द सापडेना.
हातानेच दाखवलं: तापलेलं पातेलं,
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि आत फिरत जाणारी पांढरी चकाकी.

बराच वेळ तो भोकातून पलीकडे बघत होता.
"मग इथली कल्हई कुणी करायची होती?"

खिशातून चार घड्यांचा कागद काढला.
मॉलिब्डेनमच्या पोलादाची मागणी,
दोन वर्षांपूर्वीची.
शेरा: पुढच्या शटडाउनला बघू.
खाली सही. आल्सीडची.

माझ्याकडे त्या कागदासाठी यंत्र नव्हतं.
तो म्हणाला, अहवालाला जोड.
मी जोडला, नमुना क्रमांकाखाली.

गुरुवारी भेटीची वेळ असते, म्हणाला,
आणि कोपरा काखेत मारून गेला.

टेबलावर तेलाचं काळं वर्तुळ राहिलं.
पुसायला फडकं घेतलं,
मग ते ठेवून
आधी त्यातलाही एक थेंब घेतला.