बांध फुटला नाही

सांग्याच्या बाजारात माझं तराजू दुरुस्तीचं दुकान.
वर्षातून एकदा लोकांची वजनं पिशवीत भरून मडगावला नेतो,
सरकारी ठसा उठवून आणतो.
ठशाशिवायचा किलो म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा,
माझं धर्मज्ञान एवढंच.

बाकावर इनास आणि दस्तगीर.
इनास सुतार, शवपेट्या करतो,
कानामागे पेन्सिल, भुवयांत भुसा.
दस्तगीर छत्र्या सांधतो.
तो म्हणतो, गिऱ्हाइकं आमची तीच,
फक्त इनासची तक्रार घेऊन परत येत नाहीत.

पंधरा वर्षं वाद एकच:
खरा पैगंबर ओळखायचा कसा?

इनास म्हणतो, झाड फळावरून. आणि खुणेवरून.
आंधळ्याला दिसू लागलं,
चार दिवसांचं मढं स्वतःच्या पायांनी बाहेर आलं.
दस्तगीर म्हणतो, आम्ही कुठे नाही म्हटलं?
पाळण्यात बोलला, तेही मान्य.
पण खुणेआधी माणूस बघ.
जे जिवावर उठले त्यांच्याच ठेवी त्याच्या घरात,
आणि रातोरात गाव सोडतानाही
त्या परत करायची सोय लावून गेला.
असा माणूस बोलेल ते खरंच.
शेवटची मोहोर त्याच्यावर.

मोहोर म्हटलं की दोघं माझ्याकडे बघतात.
मी खाली वाकून स्क्रू शोधतो.

"आमचा नुसता पत्र आणणारा नव्हे,"
इनास बाकावर बोट आपटतो,
"पत्र लिहिणाराच दारात आला तर?"
दस्तगीर टोपी काढतो, झटकतो, पुन्हा घालतो.
इथे चहा मागवावा लागतो.

परवा इनासने मोशेचा नियम काढला:
सांगितलं ते घडलं नाही, तर सांगणारा खोटा.
दस्तगीरने बशीतला चहा संपवला.
"मग कुस्तोदी?"

कुस्तोदी सुकी मासळी विकायची.
खाणी जोरात होत्या तेव्हा, एका आषाढात,
रात्री अकराला कंदील घेऊन दारोदार फिरली.
उठा, वरचा बांध जाणार, लाल चिखल खाली येणार.
तुला कोणी सांगितलं?
ठाऊक नाही, म्हणाली,
मी तर येणारच नव्हते.

एक्केचाळीस घरं उठली.
कोणी शाळेत, कोणी कपेलात, कोणी मशिदीच्या ओसरीवर.
इनासच्या म्हातारीला दस्तगीरने पाठुंगळी घेतलं,
ती वाटभर त्याच्या कानात रोजार म्हणत होती.

बांध फुटला नाही.
वाडा रिकामा झाल्याचं कळून कंपनीची माणसं धावली,
पंप लावून पहाटेपर्यंत पाणी उपसत राहिली.
सकाळी आम्ही परतलो. चुली होत्या तिथेच,
कोंबड्यासुद्धा मोजून सगळ्या.
मग आम्ही हसायला लागलो
आणि ती मरेपर्यंत हसत राहिलो:
आली आली, प्रोफेतीण आली.

इनास खूप वेळाने म्हणाला, "योना."
"युनूस," दस्तगीर म्हणाला.
शहर बुडणार, असं ओरडत गेला.
शहराने ऐकलं, म्हणून बुडालं नाही.
"आणि हा बाहेर जाऊन रुसला,
खोटा पडलो म्हणून."
"वरती वेल होती ना सावलीला?"
"तुमच्यातही आहे?"
"भोपळ्याची."
"आमच्या वेलीला किडा लागला."
"आमच्यात किडा नाही."
"असणारच, नीट बघ!"
किड्यावरून पुन्हा जुंपली,
दिवेलागणीपर्यंत.

मी बोललो नाही.
कुस्तोदीचा तराजू अजून माझ्याकडे टांगलेला आहे,
दांडी सरळ करायला दिला होता, न्यायला आली नाही.
पारडी रिकामी, तरी डावं जरा खाली जातं.
हे दोघे येतील तेव्हा सांगायचं म्हणतो,
गेली कित्येक वर्षं म्हणतो:
प्रोफेतीण हे नाव पहिल्यांदा
याच गल्ल्यावरून मी घेतलं होतं,
गिऱ्हाइकं हसावीत म्हणून.